खोटं वेखंड

माझ्या सासूबाईंना खळखळून हसता येतं हे मला लग्नानंतर चौथ्या वर्षी कळलं, आणि तेही आमच्या खाली राहणाऱ्या जर्मन बाईंमुळे. मी आतल्या खोलीत लेकीला पाजत होते. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला तेव्हा आधी वाटलं, टीव्ही चालू राहिलाय. मग कळलं की या तर आपल्याच आई. बाळंतपणाच्या थकव्याने डोळे मिटत होते, तरी त्या आवाजासरशी मी टक्क जागी झाले.

आम्ही तेव्हा र्युसेल्सहाइमला राहत होतो. नवरा तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. मी पुण्याची बी. फार्म. लग्नाआधी एका औषध कंपनीत नोकरी केलेली. जर्मनीत आल्यावर माझी पदवी पुरेशी नाही असं कळलं, भाषेची परीक्षा आधी द्या असंही कळलं, आणि मी घरी बसले. नवरा सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नसे. खालच्या बाई भेटल्या त्या याच दिवसांत.

त्या सत्तरीच्या होत्या, विधवा, तळमजल्यावर एकट्या. मागच्या अंगणात वर्तमानपत्रावर पांढरी फुलं वाळत घालत होत्या. मला जर्मन येत नव्हतं, त्यांना इंग्लिश येत नव्हतं. मी फुलांकडे बोट दाखवलं आणि कॉलेजात पाठ केलेलं कॅमोमाइलचं लॅटिन नाव म्हणाले, "मॅट्रिकारिया?" बाईंनी मान वर केली. त्या तरुणपणी एका आपोथेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात, काउंटरमागे उभ्या राहायच्या. बरण्यांवरची लॅटिन नावं त्यांना अजून तोंडपाठ होती. "या, या! मॅट्रिकारिया! कामिले!" असं म्हणत त्यांनी मूठभर फुलं माझ्या हातात कोंबली. त्या दिवसापासून आमची भाषा लॅटिन झाली. त्या कुंडी दाखवायच्या, मी लॅटिन नाव सांगायची, त्या जर्मन सांगायच्या. माझं जर्मन अशाच झाडाझाडांवरून सुरू झालं.

रेल्वेलाइनच्या पलीकडे त्यांचा श्रेबरगार्टन होता. शहरातल्या लोकांना भाड्याने मिळतो तसला बागेचा छोटा तुकडा, लाकडी खोपटासकट. दोन उन्हाळे मी दर रविवारी त्यांच्याबरोबर तिथे गेले. तण उपटलं, बेदाण्याएवढी तांबडी आंबट फळं खुडली, थर्मासमधली कॉफी प्यायले. त्या मला 'किंड' म्हणायच्या. लेकरू. परक्या मुलखात आपल्याला कोणी लेकरू म्हणत असेल तर ते माणूस आपलं वाटायला लागतं. मला तर त्या फक्त माझ्याच वाटायला लागल्या.

दिवस गेले तेव्हा माझी आई येणार असं ठरलं होतं. पण बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि तिला घर सोडता येईना. मग सांगलीहून सासूबाई आल्या. आमचं कधी भांडण झालेलं नव्हतं. तेवढी जवळीकच नव्हती. त्या माझ्याशी नीट बोलायच्या, वेळेवर जेवू घालायच्या, साडी द्यायच्या, पण कायम पाव्हणीसारखं. मीच मनाशी ठरवलं होतं की या तीन महिन्यांत आम्ही जवळ येऊ. त्या मला तेल लावतील, शेक देतील, मी त्यांना विचारेन, त्या सांगतील. आईची उणीव अशी थोडीतरी भरून निघेल.

त्यांची बॅग उघडली तेव्हा घरभर वास सुटला. डिंक, अळीव, मेथ्या, सुंठ, बाळंतशेपा, ओव्याची पुरचुंडी. तांबड्या फडक्यात गुटीचं सामान आणि ते उगाळायला सहाण. हळकुंड, जायफळ, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, काकडशिंगी, अतिविष. एकेक काढून त्यांनी टेबलावर मांडलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई, वेखंड राहिलं. खिडकीत काढून ठेवलं होतं आणि तिथेच राहिलं."

"राहू द्या हो आई, बाकीचं आहे ना," मी म्हटलं.

"बाकीचं आहे गं. पण वेखंडाशिवाय बाळाचं कसं व्हायचं? सर्दी झाली तर टाळूला काय लावायचं? पोट फुगलं तर बेंबीभोवती काय लावायचं? आणि वाचा कशाने फुटायची?"

फार्मसी शिकलेली मी होते. वेखंडाच्या मुळाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांची चित्रं काढली होती. खरं वेखंडसुद्धा तान्ह्या बाळाच्या पोटात द्यावं की नाही, याबद्दल आमच्या सरांनी चांगलंच बजावलं होतं. हे सगळं सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. आईंनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

लेकीच्या जन्मानंतर खालच्या बाई वर आल्या. एका हातात चेरीच्या बिया भरलेली उशी, ती गरम करून बाळाच्या पोटाला लावायची. दुसऱ्या हातात चहाची पुडी. आईंनी पुडी उघडली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "ही तर बडीशेप!"

"फेंखेल," बाई म्हणाल्या.

"बडीशेप," आई म्हणाल्या.

मग आईंनी ओव्याची पुरचुंडी आणून बाईंच्या नाकाशी धरली. बाईंना सणसणीत ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं आणि दोघी हसायला लागल्या. तेच ते हसणं, जे मी आतल्या खोलीतून ऐकलं; त्याआधीचं आईंनी मला नंतर सांगितलं.

मी बाहेर आले तेव्हा आई तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून बाळाला कसं शेकायचं ते दाखवत होत्या. बाई मान हलवत होत्या. मी दुभाषी म्हणून मध्ये बसले. बाईंनी सांगितलं, इकडे बाळाच्या पोटाला क्युमेलचं तेल चोळतात. मी आईंना सांगितलं, क्युमेल म्हणजे आपलं शहाजिरं. आई म्हणाल्या, "विचार त्यांना, घड्याळाच्या काट्यांसारखं गोल चोळतात की उलटं?" मी विचारलं. बाईंनी हवेत हात फिरवून दाखवला. आईंचाही हात तसाच फिरला. "बघ, तसंच!" त्या मला म्हणाल्या, पण बघत होत्या बाईंकडे.

पहिले काही दिवस त्यांना माझी गरज होती. मी एकीचं बोलणं दुसरीला सांगायची, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात यायचं की यातलं एकही वाक्य माझ्यासाठी नाही. मग हळूहळू तीही गरज संपली. आई नऊवारीवर माझ्या नवऱ्याचं जाड स्वेटर चढवायच्या, पायांत लोकरीचे मोजे, आणि वाटीत काहीतरी घेऊन खाली जायच्या. परत यायच्या तेव्हा वाटीत दुसरं काहीतरी असायचं. शेपूची वाळलेली काडी, जुनिपरची काळी फळं, पुदिन्याची पानं. आपण याचं काय करतो आणि त्या काय करतात हे त्यांनी हातवारे करून ठरवलेलं असायचं. पोट धरलं की पोटदुखी. कपाळावर हात आपटला की डोकेदुखी. गुडघ्यावर चापट मारून तोंड वाकडं केलं की संधिवात.

"काय हुशार बाई आहे गं!" आई वर येऊन म्हणायच्या. "तिला सगळं ठाऊक आहे. खोकल्याला कांद्याचा रस मधात घालते. आपण अडुळशाचा काढा देतो ना, तसंच."

मी म्हणायची, "अडुळशात जे असतं ना आई, त्यापासून पुढे कफाचं औषधही तयार केलंय..."

"हो का?" त्या म्हणायच्या आणि लेकीचा लंगोट बदलायला घ्यायच्या.

माझा जळफळाट व्हायचा, आणि तोही दोन्ही बाजूंनी. आई खाली गेल्या की वाटायचं, या माझ्याशी असं का बोलत नाहीत? आणि बाई वर आल्या की वाटायचं, या आधी माझ्या होत्या. मला टाके, रडणारं बाळ, दुधाने दगड झालेली छाती. बाईंनी कोबीची थंड पानं आणून दिली, छातीवर ठेव म्हणाल्या, आराम पडला. पण पानं देऊन त्या लगेच आईंकडे वळल्या. आईंची कोबी कापायची विळी त्यांना बघायची होती. एका रविवारी बाईंनी घंटी वाजवली. मी केस सारखे करून दार उघडलं. वाटलं, किती दिवसांनी मला बागेत न्यायला आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि विचारलं, "ओमा तयार आहेत का?" माझ्या सासूबाईंना त्या ओमा म्हणायला लागल्या होत्या. आजी. स्वतः त्यांच्यापेक्षा मोठ्या असून.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं चांगलंच आहे की. आईचं मन रमलंय. नाहीतर इथे सासवा चार दिवसांत कंटाळतात."

"आणि माझं मन?"

"तुझं काय? तुला आता बाळ आहे."

सगळ्यात टोचली ती मेथी. आदल्या उन्हाळ्यात मी त्या बागेत मेथी पेरली होती. दोन-चार पिवळट काड्या आल्या आणि गोगलगायींनी खाल्ल्या. आईंनी मार्चच्या थंडीत, काचेच्या झाकणाखालच्या वाफ्यात, बाईंबरोबर मेथी टाकली, आणि ती अशी तरारून आली की दोघींनी जुडीच्या जुडी खुडून आणली. आईंनी पिठलं केलं, बाईंनी कोवळी पानं पावावर लोणी लावून खाल्ली. मीही जेवले. बाळंतिणीला मेथी चांगली. पण घास गिळताना मला ती आणखीच कडू लागत होती.

वेखंडाचा विषय असाच एकदा परत निघाला. लेकीला सर्दी झाली होती. आई टेबलावर बोटाने चित्र काढून बाईंना सांगत होत्या: तलवारीसारखी लांब पानं, चिखलात, पाण्याच्या कडेला, आणि मूळ असं गाठीगाठीचं. वास सांगायला त्यांना हात अपुरे पडले. बाई गोंधळल्या. दोघींनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी आठवड्यांनी दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"अकोरस कॅलामस," मी म्हणाले.

"आह! काल्मुस!" बाईंनी टाळी वाजवली. त्यांचे यजमान काल्मुसची मुळं दारूत भिजत घालून पोटासाठी घ्यायचे. बागांच्या वसाहतीत कोपऱ्यावर एकांचं तळं होतं, त्याच्या काठाला ते असणार म्हणे. मी सांगितलं, थांबा, मला एकदा बघू द्या, त्याच्यासारखी दिसणारी दुसरी झाडं असतात. बाई म्हणाल्या, "हो हो, किंड." आणि दुसऱ्या दिवशी मी लेकीला घेऊन डॉक्टरकडे गेले असताना दोघी जाऊन मूळ खणून घेऊन आल्या.

मी परत आले तेव्हा स्वयंपाकघरात मातीचा वास होता. मूळ धुऊन, खरवडून ठेवलं होतं. आई सहाणेवर दुधाच्या थेंबात ते उगाळत होत्या, बाई शेजारी वाटी धरून उभ्या होत्या. दोघींच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला दारातच थांबावंसं वाटलं. मग मला वास आला. म्हणजे आला नाही. वेखंडाचं मूळ नुसतं तोडलं तरी नाक भरून जातं. इथे ओल्या चिखलाखेरीज काही नव्हतं. मी उरलेला तुकडा उचलून सुरीने कापला. आतून तो गुलाबी निघाला आणि बघता बघता तांबूस पडायला लागला.

"आई, हे वेखंड नाही."

"अगं ओलं आहे म्हणून वास नाही त्याला. वाळलं की येईल."

"ओल्यालाही येतो. आणि वेखंड आतून असं गुलाबी नसतं. हे दुसरं काहीतरी आहे. मी बाळाला हे देऊ देणार नाही. लावूही देणार नाही."

"पोटात कुठे देतेय? जिभेला नुसतं चाटवायचं."

"नाही म्हणजे नाही."

माझा आवाज चढला होता. लेक रडायला लागली. बाईंनी विचारलं, ही काय म्हणतेय? मी जर्मनमध्ये सांगितलं. त्यांचाही चेहरा उतरला. म्हणाल्या, "पण मी ओळखते ना काल्मुस." टेबलाच्या त्या बाजूला त्या दोघी, या बाजूला मी आणि कडेवर रडणारं बाळ.

"बरं, मीच घेऊन दाखवते," आई म्हणाल्या, आणि मी पुढे व्हायच्या आत त्यांनी सहाणेवरचं बोटावर घेऊन जिभेला लावलं.

क्षणभर काही झालं नाही. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले, डोळे विस्फारले आणि त्या नळाकडे धावल्या. जीभ, घसा, सगळं भाजल्यासारखं झालं होतं. त्यांनी चुळा भरल्या, त्यांना ओकारी झाली. मी लेकीला पाळण्यात टाकलं आणि विषबाधेच्या मदतीचा जो नंबर दवाखान्यातून मिळाला होता तिथे फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरने सगळं नीट विचारून घेतलं. पान कसं, मूळ आतून कसं, किती पोटात गेलं. म्हणाला, बहुतेक पिवळ्या आयरिसचं असावं, लोक त्याला खोटं काल्मुस म्हणतात. इतक्याशाने घाबरू नका. पाणी प्यायला द्या, लक्ष ठेवा, उलट्या थांबल्या नाहीत तर घेऊन या.

मी फोन ठेवून वळले. मनात कुठेतरी, खोटं कशाला सांगू, मी वाट बघत होते. आता दोघी म्हणतील, बरं झालं तू होतीस. आईंना खुर्चीत बसवून बाई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. आईंचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत धरले होते आणि त्या रडत होत्या. "माझी चूक, माझी चूक," एवढंच पुन्हा पुन्हा. आई बोलू शकत नव्हत्या. एक हात सोडवून घेऊन त्या बाईंच्या पांढऱ्या केसांवरून फिरवत होत्या.

माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी पाणी आणून ठेवलं आणि लेकीजवळ जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत आईंना बरं वाटलं. बाई खाली गेल्या. मी ताकभात कालवून दिला. दोन घास खाऊन आई म्हणाल्या, "तिला काही बोलू नकोस हं. फार लागलंय बिचारीच्या मनाला."

मग मात्र मला राहवलं नाही. "तिच्या मनाला लागलं. आणि माझ्या? मी सांगत होते ना आई? मी हेच शिकलेय. इतक्या दिवसांत तुम्ही एकदा तरी मला विचारलंत का काही?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. मला वाटलं आता रागावतील.

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला आधी विचार करावा लागतो गं," त्या म्हणाल्या. "मी काही बोलले की तू त्यातलं बरोबर किती ते बघतेस. बोलत नाहीस, पण तोंडावर दिसतं तुझ्या. मी सातवी शिकलेली. हे गेल्यापासून घरात माझ्याशी बोलायलाही कोणी नाही. तिला माझं काही कळतच नाही, म्हणून बरं वाटतं. काय वाट्टेल ते बोलते मी तिच्याशी. ह्यांच्याबद्दलसुद्धा बोलते. ती मान हलवते."

मला पटलं. पण त्याने बरं वाटलं नाही. माझं शिक्षण आड येतं हे ऐकून तर आणखीच लागलं. त्याचं मी काय करणार होते? मी म्हणाले, "भात खाऊन घ्या, गार होतोय."

त्यानंतर एवढं झालं की त्या खाली जाताना मला सांगून जायला लागल्या, आणि एकदोनदा "तूही चल" म्हणाल्या. मी एकदा गेले. बाईंनी मला नेहमीची खुर्ची दिली, कॉफी दिली. दोघी एकमेकींना लोकरीचे टाके दाखवत होत्या. मी लेकीला मांडीवर घेऊन बघत बसले आणि ती झोपल्याचं निमित्त करून वर आले.

एप्रिलअखेर आई परत निघाल्या. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर बाईही आल्या होत्या, चांगला कोट घालून. निरोपाच्या वेळी दोघी इतक्या रडल्या की शेजारच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. मग आईंनी लेकीचा मुका घेतला, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "अंगावर काढू नकोस काही," म्हणाल्या. त्यांनी माझी दृष्ट काढल्यासारखं प्रथमच केलं होतं. आणि तेवढ्यात त्यांनी वळून बाईंच्याही गालावरून तसाच हात फिरवला.

बाई पुढच्या रविवारपासून पुन्हा माझ्याकडे यायला लागल्या. मी काही दिवस कामाचं निमित्त सांगून टाळलं. मग एकदा त्या दारातच म्हणाल्या, "किंड, तू माझ्यावर रागावली आहेस." मी नाही म्हणाले. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर, जणू मी हो म्हणाले होते, आणि आत येऊन बसल्या. लेकीला त्यांनी मांडीवर घेतलं. ती त्यांच्याकडे बघून हसली. मी कॉफी टाकली. आमचं सुरळीत झालं, पण पहिल्यासारखं नाही. त्या बोलता बोलता विचारायच्या, "ओमा काय म्हणतात?" आणि मी अगदी थोडक्यात उत्तर द्यायची.

पुढच्या हिवाळ्यात एकदा आईंचा सांगलीहून फोन आला. एरवी आम्हीच करायचो. नवरा कामावर होता, मी तसं सांगितलं.

"त्याच्याशी नाही, तुझ्याशीच काम होतं," त्या म्हणाल्या. "माझा गुडघा फार धरलाय. शेजारीण म्हणते निर्गुडीचा पाला वाफवून बांध. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या चालूच आहेत. बांधू का पाला? तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

मी खुर्ची ओढून बसले. काय सांगू आणि किती सांगू असं झालं. मग ठरवलं, थोडंच सांगायचं. म्हटलं, "बांधा आई. बाहेरून बांधायला हरकत नाही. फार कढत नको, कातडी भाजेल. आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका."

"बरं," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस म्हणजे झालं."

त्या पुढे म्हणाल्या, "आणि हे बघ, खाली गेलीस की तिलाही विचार एकदा. ती काय बांधते गुडघ्याला."

"विचारते," मी म्हणाले.

त्या दिवशी मी खाली गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले.